आपल्याच घरातले पाच चोर

कंपनीच्या बाई चार वाजता येणार होत्या, आणि बारा वाजून गेले तरी खोकी रिकामीच होती. सात मोठी पुठ्ठ्याची खोकी, कंपनीनेच पाठवलेली, प्रत्येकावर एक यादी चिकटवलेली: हत्यारं, साचे, मापांच्या वह्या, मापखोलीतलं सामान. विक्रीच्या सहीच्या आधी सगळं भरून, बांधून तयार पाहिजे, असं पत्रात लिहिलं होतं. जेवणं उरकली होती, ताटं धुऊन झाली होती, आणि घरातली पाचही माणसं कारखान्याच्या मधल्या खोलीत हात लोंबकळत सोडून उभी होती.

"चला, हात चालवा," वहिनी म्हणाली, कारण कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. "बघत राहून खोकी भरत नाहीत."

"मी तर केव्हाचा तयार आहे," धाकटा दीर म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

कारखाना पायांचा. अपघातात, आजारात ज्यांचा पाय गेला त्यांना इथे नवा पाय मिळायचा. आप्पा, म्हणजे वहिनीचे सासरे, मुळातले सुतार. बाहेरचे सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. पहिला पाय त्यांनी केला तो परांचीवरून पडलेल्या एका जिवलग दोस्तासाठी, आणि तो साफ चुकला. चुकला हे कळायला तीन महिने लागले, कारण दोस्त भेटेल तेव्हा म्हणायचा, "झकास बसलाय रे!" एके दिवशी त्याच्या बायकोने रक्ताने भिजलेला मोजा आणून आप्पांच्या पुढ्यात टाकला. एवढ्या मेहनतीने केलाय, ह्याचं मन कशाला मोडा, म्हणून तो पठ्ठ्या तीन महिने दातओठ आवळून चालत होता. आप्पांनी कुऱ्हाडीने त्या पायाच्या ढलप्या केल्या, ढसाढसा रडले आणि दुसरा पाय करायला बसले. तेव्हापासून घरात नियम एकच: आधी माणूस मोजायचा, मग पाय. दुखतंय हे माणूस सांगत नाही. ते आपण ओळखायचं.

आणि ओळखायचे, हो! माणूस ओळखणारं असं दुसरं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. वहिनीच्या सासूबाई, देवाघरी गेल्या त्याला नऊ वर्षं झाली, त्यांनी ट्रेची युक्ती काढली. नवा पाय घालून गिऱ्हाईक म्हणालं "उत्तम आहे", की त्याच्या हातात पाण्याने भरलेल्या चार पेल्यांचा ट्रे द्यायचा आणि म्हणायचं, "तेवढं बाहेर बसलेल्यांना देता का?" नुसतं चालताना माणूस ऐटीत चालतो, दुखणं लपवतो. दुसऱ्यासाठी काही नेताना लपवायचं विसरतो. पाणी कोणत्या पावलाला हिंदकळलं ते बघायचं, की सगळं कळलं. त्याच सासूबाईंनी मापखोलीत एक बुटकं स्टूल करून घेतलं. त्यावर आपण बसायचं, गिऱ्हाईक उंच खुर्चीवर. ज्याच्याकडे सगळं जग वरून बघतं, त्याला निदान इथे तरी कुणाकडे खाली बघू दे, असं त्या म्हणायच्या.

सव्वीस वर्षं वहिनी त्या स्टुलावर बसत आली होती. आगीचा बंब चालवणारा एक माणूस अपघातानंतर चार महिने घरात कुणाशी बोलला नव्हता. वहिनीने त्याला पायाबद्दल अवाक्षर विचारलं नाही. बंबाचा भोंगा नेमका कसा वाजतो, एवढंच विचारलं. त्याने तोंडाने वाजवून दाखवला. मग तो रडला, मग हसला, मग त्याने माप घेऊ दिलं. अशी शेकडो माणसं. ह्या कामाचा वहिनीला अभिमान होता. उगाच कशाला नाही म्हणा? रस्त्याने जाताना समोरून एखादा माणूस दोन्ही पायांनी झपझप चालत यायचा, तिला ओळख दाखवून जायचा, आणि शेजारणीला पत्ताही लागायचा नाही की त्यातला एक पाय वहिनीच्या घरचा आहे. तेव्हा तिची मान आपोआप ताठ व्हायची.

आता हे सगळं सात खोक्यांत जायचं होतं. वहिनीला ते नको होतं. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिने आपलं घरही गिऱ्हाइकासारखंच वाचलं होतं. नवरा, ज्याला घरात सगळे थोरला म्हणत, प्लास्टरच्या धुळीने खोकत होता. आप्पा सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या बाईंशी दोन तास हसतखेळत बोलले होते. धाकटा म्हणत होता, आता फिरणं बास, पाठ बोलते. आणि लेक, छकुली, बावीस वर्षांची, तिला परगावच्या मोठ्या रुग्णालयातून नोकरीचं पत्र आलं होतं. चौघांना सुटका हवी आहे, मग आपण एकटीने आडवं कशाला यायचं? तिने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. कंपनी मापखोलीच्या जागी मापं घेणारं यंत्र बसवणार होती, त्याला स्टूल लागत नव्हतं आणि बाईही. उद्यापासून आपण सकाळी उठून काय करायचं, ह्या प्रश्नापाशी आली की वहिनी भांडी घासायला घ्यायची. गेल्या सहा महिन्यांत घरातली भांडी आरशासारखी झाली होती.

"छकुली, यादी वाच," थोरला म्हणाला.

"मापखोलीपासून सुरू करू? आरसा एक. उंच खुर्ची एक. पडदा एक. बुटकं स्टूल एक."

"मी बघते मापखोलीचं," वहिनी घाईने म्हणाली आणि आत गेली.

घाई होतीच तशी. स्टूल खोलीच्या मध्ये नव्हतं. भल्या सकाळी, सगळे झोपेत असताना, तिने ते पडद्यामागच्या कोपऱ्यात सरकवलं होतं. कशासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बुटकं लाकडी स्टूल घेऊन ती काय करणार होती? पण नेऊन ठेवलं होतं खरं, आणि आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर चोरी केल्याने तिचे कान तापले होते. तिने पडदा बाजूला केला.

स्टूल होतं. पण स्टुलावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं, जे सकाळी नव्हतं. तिने टॉवेल उघडला. आत आप्पांचा लाकडी हातोडा होता, त्यांच्या सुतारकीच्या दिवसांतला, मुठीच्या जागी झिजून बारीक झालेला.

वहिनी बघतच राहिली. आप्पा? कारखाना विकायचा म्हणून सगळ्यांत आधी मान डोलावली ते आप्पा? तिने टॉवेल होता तसा गुंडाळला, पडदा ओढला आणि मधल्या खोलीत आली. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ती घरच्या माणसांकडे तशी बघायला लागली, जशी ट्रे हातात दिल्यावर गिऱ्हाइकाकडे बघायची. काय बोलतात ते सोडून द्यायचं. हातपाय काय करतात ते बघायचं.

"कानशी," छकुली वाचत होती. "अकरा."

थोरला एकेक कानस उचलून खोक्यात ठेवत होता. "नऊ, दहा. झाल्या."

"बाबा, अकरा लिहिल्यात."

"मग लिहिताना चुकले असतील. कंपनीची माणसं, त्यांना कानस काय नि पळी काय!"

थोरला खोटं बोलला की उजवा कान खाजवतो, हे वहिनीला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. आता तो कान खाजवत होता. शिवाय तो वाकला तेव्हा गुडघ्यात वाकला, कमरेत वाकला नाही. त्याच्या पाठीला सदऱ्याखाली काहीतरी सरळ, लांब खोचलेलं होतं. अर्धगोल कानस! पायाच्या वरचा पेला, ज्यात उरलेला पाय बसतो, त्याची आतली बाजू तो त्याच एका कानशीने घासायचा आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू द्यायचा नाही.

"तुम्ही बसा ना जरा," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "दमला असाल."

"नको नको. उभाच बरा आहे."

"गिऱ्हाइकांची वही एक," छकुलीने वाचलं.

ही वही धाकट्याची. तो रुग्णालयं फिरायचा, नवी गिऱ्हाइकं आणायचा, आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवायचा. "पोस्टमन: थट्टा चालते. पायाची नको, बायकोची करावी." "मास्तर: दया दाखवू नये, मार्क कापतील." "शिंपीणबाई: उशिरा आल्या तर कारण विचारू नये. बसमध्ये चढायची भीती वाटते, कबूल करणार नाहीत." बावीस वर्षांतली माणसं होती त्या वहीत. धाकट्याने ती दोन्ही हातांनी, अगदी गंभीरपणे, खोक्यात ठेवली. गंभीरपणे! जो माणूस स्मशानातही विनोद करून आला होता, तो! वहिनीने जाता जाता खोक्यात डोकावलं. तपकिरी कव्हर तेच होतं. आत जुनी टेलिफोन डिरेक्टरी होती.

आणि छकुली? ती यादी वाचत होती, खुणा करत होती, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी तिने दुपारपासून खाली ठेवली नव्हती. पिशवीचं बूड जड होऊन लोंबत होतं. वहिनीने जवळून जाताना नुसता कोपर लावला. प्लास्टर. लहानसं. सहा वर्षांच्या एका मुलीच्या पायाचा साचा, छकुलीने पहिल्यांदा एकटीने काढलेला.

पाच माणसं आणि पाच चोर! आपल्याच घरात, भर दुपारी, एकमेकांची पाठ वळली की चोऱ्या चालल्या होत्या. वहिनीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला तिने एक खोकं उगाचच भिंतीकडे सरकवलं.

अडीच वाजले होते. आता काय करायचं? विचारून काही उपयोग नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "आप्पा, तुम्हाला खरंच विकायचंय का?" असं विचारलं की आप्पा म्हणणार, "हो गं, आता माझं वय झालं." थोरला म्हणणार, "बरंच होईल." चौघेही म्हणणार, झकास बसलाय. आणि "तुम्ही हातोडा चोरलाय," असं चारचौघांत म्हणावं तर ऐंशीला टेकलेल्या माणसाची मान खाली जाणार. दुसऱ्याचं दुखणं उघडं करायचं नाही, त्याने स्वतः दाखवावं इतकी जागा त्याला करून द्यायची. ही जागा ती सव्वीस वर्षं परक्यांना करून देत आली होती. पण परक्यांसमोर बसताना तिला स्वतःचं काही सांगावं लागत नसे. आज तेच करावं लागणार होतं. आणि ती चुकली असेल तर? थोरला खरंच थकला असेल आणि कानस नुसती आठवण म्हणून ठेवत असेल तर? मग ती एक हट्टी बाई ठरणार होती, नवऱ्याच्या छातीपेक्षा स्वतःचं स्टूल जास्त प्यारं असलेली. पण चारला बाई येणार होत्या.

ती मापखोलीत गेली, हातोडा अलगद उचलून पडद्यामागे जमिनीवर ठेवला, स्टूल उचलून बाहेर आणलं, खोक्यांच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली.

"हे यादीत आहे," ती म्हणाली. "मी सकाळी चोरून लपवलं होतं. आणि मी ते देणार नाही."

"अगं, मग देऊ नकोस," थोरला म्हणाला. "एक स्टूल कमी मिळालं म्हणून कंपनी काही बुडत नाही."

"मी स्टुलाचं बोलत नाहीये. मला कारखाना विकायचा नाही."

छकुलीच्या हातातलं पेन थांबलं. वहिनीला वाटलं, झालं, आपण सगळ्यांच्या सुखात माती कालवली. पण आता बाण सुटला होता.

"तुम्हाला सगळ्यांना हवंय म्हणून मी सहा महिने गप्प बसले. आता सांगते. मला नाही विकायचा. गिऱ्हाइकांचं काय होईल म्हणून नाही, सासूबाईंची आठवण म्हणून नाही. मला सकाळी त्या खोलीत जायचं असतं म्हणून. मी तिथे जे करते ते मला येतं. फार चांगलं येतं. झालं माझं सांगून."

"पण तूच म्हणालीस ना!" थोरला ओरडलाच. "मागच्या थंडीत! गुडघे दुखतात म्हणून!"

"गुडघे दुखतात म्हणून काय माणूस गुडघे विकतो?"

"मला वाटलं तुला विश्रांती हवी. म्हणून मी होकार दिला!"

"आणि मी तुमच्या खोकल्यापायी!"

"माझा खोकला? मास्क लावला की थांबतो तो! डॉक्टरने तेच तर सांगितलंय."

"मग लावत का नाही?"

"मिशीला टोचतो." हे सांगताना थोरल्याचा आवाज जरा खाली आला. "आणि नुसतं तुझ्यासाठी नाही. आप्पांकडे बघून मला वाटलं, त्यांच्या मनात आहे. दोन तास बोलले त्या बाईंशी!"

"अरे, पाहुणी दारात आली तर बोलायचं नाही?" आप्पा खुर्चीतून पुढे झाले. "मी मांजराशीसुद्धा दोन तास बोलतो! मी हो म्हटलं ते ह्या धाकट्यासाठी. पाठ धरून फिरतो बिचारा. म्हटलं, माझ्या हट्टापायी ह्याची पाठ मोडायला नको."

"माझी पाठ ठणठणीत आहे, आप्पा! पाठ म्हणजे निमित्त!" धाकट्याने डोक्याला हात लावला. "मी छकुलीसाठी बोलत होतो. पोरीला एवढं नोकरीचं पत्र आलंय, पण आपण सगळे इथे राबतोय म्हणून ती जायला कचरते, असं मला वाटलं. म्हटलं, कारखानाच नसला तर पोर मोकळी होईल."

सगळ्यांनी छकुलीकडे बघितलं.

"त्यांना मी नाही म्हणून कळवलं," छकुली म्हणाली. "तीन महिने झाले."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कशी सांगणार? मी इथेच राहणार म्हटलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी विकणं थांबवलं असतं. आणि आईचे गुडघे..."

"पुन्हा गुडघे!" वहिनी वैतागून म्हणाली.

आधी धाकटा हसला. मग छकुली. मग थोरला हसायला लागला, आणि हसता हसता खोकायला, आणि वहिनीने "मास्क!" म्हटल्यावर आणखीच हसायला. बायको नवऱ्यासाठी, नवरा बायकोसाठी आणि बापासाठी, बाप मुलासाठी, काका पुतणीसाठी, लेक आईसाठी: असं सगळं गोल फिरून जिथल्या तिथे आलं होतं, आणि मधल्यामध्ये बावन्न वर्षांचा कारखाना फुकट चालला होता. एखाद्या आपमतलबी घरात हे झालंच नसतं. तिथे पहिल्याच दिवशी कोणीतरी टेबलावर मूठ आपटून "मी विकणार नाही" म्हणून मोकळा झाला असता.

आप्पा मात्र हसत नव्हते. "माझा दोस्त तीन महिने तसा चालला," ते म्हणाले. "आपण सहा महिने चाललो. आणि आपण तर ह्यातले जाणते म्हणवतो."

"जाणते आहोतच, आप्पा," वहिनी म्हणाली. "म्हणून तर झालं. दुसऱ्याचं एवढं दिसतं आपल्याला, की आपलं सांगायचं राहूनच जातं."

आप्पांनी मान हलवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं बोललीस, सूनबाई. ठरलं तर. तुझ्यासाठी ठेवू कारखाना."

"अगदी!" थोरला म्हणाला. "हिच्यासाठी ठेवू."

"वहिनींसाठी, शंभर टक्के," धाकटा म्हणाला.

वहिनी ताडकन उभी राहिली. "खबरदार!"

सगळे दचकले. वहिनीचा चढलेला आवाज घरात कुणाच्या फारसा ओळखीचा नव्हता.

"पुन्हा तेच? माझ्यासाठी ठेवाल, आणि उद्या मी तापाने झोपले की माझ्यासाठीच विकाल. नको मला असला उपकार! ज्याला स्वतःला हवाय, त्याने तोंडाने सांगा. कुणाच्या वतीने नाही, कुणाच्या काळजीपोटी नाही. नाही सांगता येत, तर खोकी भरलेली आहेतच. मी स्वतः दोरी बांधते."

तिने खरंच दोरीचं भेंडोळं उचललं.

आणि ही हुशार माणसं, परक्याच्या मनातलं पावलाच्या आवाजावरून सांगणारी, एकमेकांकडे बघत राहिली. धाकट्याने तोंड उघडलं आणि थोरल्याकडे बघून मिटलं. थोरला आप्पांकडे बघायला लागला.

"तिकडे बघू नका," वहिनी नवऱ्याला म्हणाली, जरा हळू. "अहो, मी तुम्हाला विचारतेय. आज मला ओळखायचं नाहीये. मला ऐकायचंय."

थोरल्याने हात पाठीमागे नेला. सदऱ्याखालून कानस ओढून काढली आणि हातात धरून उभा राहिला.

"मला हवाय," तो म्हणाला. "सकाळी पेला घासताना मी हात फिरवतो, आणि बोटाला कळतं, इथे ह्या माणसाला टोचलं असतं. त्याला कधीच कळणार नाही की तिथे टोचलं असतं. मला कळतं. मला ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"दादा, तू पण?" धाकटा म्हणाला आणि कपाटामागून खरी वही काढून आणली. "मी डिरेक्टरी भरली खोक्यात. कंपनीत माणसाला नंबर देणार म्हणे. माझ्या पोस्टमनला नंबर? मला हवाय कारखाना. मला ह्या लोकांची थट्टा करायचीय, अगदी म्हातारा होईपर्यंत."

छकुलीने पिशवीतून साचा काढून टेबलावर ठेवला.

"तोंडाने," वहिनी म्हणाली.

"हवाय," छकुली म्हणाली. "आणि मापखोलीत यंत्र आणायचंय मला, आई. पण तुझं स्टूल काढून नाही, त्याच्या शेजारी. हेही मी घाबरून सांगितलं नव्हतं."

"घाबरून? मला?"

"तू लगेच हो म्हणाली असतीस ना! तुला नको असतं तरी."

पोर बरोबर बोलत होती. पोरीची नजर आपल्याहून पुढची निघाली, हे बघून तिचा ऊर भरून आला. तिने दोरी खाली ठेवली.

आप्पा उठले. काठी न घेता मापखोलीत गेले, पडद्यामागे वाकले, आणि हातोडा घेऊन बाहेर आले.

"मी स्टुलावर ठेवला होता," ते वहिनीकडे बघून म्हणाले. "खाली कुणी ठेवला?"

"पडला असेल, आप्पा."

"टॉवेलासकट?" आप्पांच्या डोळ्यांत हसू होतं. मग ते सगळ्यांकडे वळले. "प्रत्येक पायाच्या वेळी मला वाटतं, आणखी एकच करायचा. मग तो माणूस चालत दाराबाहेर जातो, आणि वाटतं, आणखी एक. लोभी आहे मी. म्हाताऱ्याने लोभ सोडावा म्हणतात. मला नाही सोडायचा."

सव्वातीनला खोकी रिकामी करायला सुरुवात झाली. भरायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या पाव वेळात ती रिकामी झाली. कोण काय कुठे ठेवतंय हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

चारला दोन मिनिटं असताना घंटा वाजली. कंपनीच्या बाई हातात फाइल घेऊन आत आल्या, तिशीच्या, नीटनेटक्या. मोकळी खोकी आणि भिंतीवर पुन्हा टांगलेली हत्यारं बघून दारातच थांबल्या.

"काही अडचण?" त्यांनी आप्पांना विचारलं. "मी कुणाशी बोलू?"

आजवर ह्या प्रश्नाला आप्पा एकच उत्तर द्यायचे: थोरल्याशी बोला. थोरला तयारीने एक पाऊल पुढेही आला. पण आप्पांनी हात आडवा केला आणि आपली खुर्ची, त्यांच्या टेबलामागची, जिच्यावर घरातलं दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं, ती मागे ओढून धरली.

"हिच्याशी," ते वहिनीकडे बघून म्हणाले. "कारखान्याचं काय करायचं ते ही सांगेल."

वहिनीने खुर्चीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्याचा चेहरा वाचायची तिला सवय होती. आज तो वाचण्यासारखा नव्हताच, सरळ उघडा होता. तो एवढा खूश तिला छकुली जन्मली तेव्हाच दिसला होता. ती जाऊन खुर्चीवर बसली.

"बाई, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. आम्ही विकत नाही."

"पण सहा महिने तुम्ही सगळे हो म्हणत होतात!"

"प्रत्येक जण दुसऱ्याच्या वतीने म्हणत होता. चूक आमचीच."

बाईंनी फाइल उघडली, पेन काढलं, आणि पेनाचं टोपण दोनदा काढून दोनदा लावलं. वहिनीच्या ते नजरेतून सुटलं नाही. ह्या मुलीने वरच्यांना शब्द दिलाय, आणि आता तिला त्यांच्यासमोर जायचं आहे.

"साहेबांचा नंबर द्या मला," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसात पोचायच्या आत मीच फोन करते. तुम्ही सगळं नीट केलं होतं, ऐनवेळी आम्ही फिरलो, असं सांगते. ठपका तुमच्यावर यायला नको."

बाईंचे खांदे खाली आले. त्यांनी नंबर लिहून दिला आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर टेकून बसल्या. "थँक्यू. खरं सांगायचं तर मला हीच भीती होती. पण मला इथे कारण भरावं लागेल. काय लिहू? रक्कम? मुदत? अटी?"

"तसलं काही नाही. लिहा, आम्हाला हवाय."

"एवढंच?"

"एवढंच."

बाईंनी लिहिलं. आप्पा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभे होते.

"माझी सून," ते बाईंना म्हणाले.

बाईंना ते सहा महिन्यांपासून माहीत होतं. त्यांनी तरी मान डोलावली.

"माझी सून आहे ही," आप्पांनी पुन्हा सांगितलं.